न लागलेली जांभळी लडी

आमच्या गालिच्यांच्या कारखान्यात नक्षी आडवी काढतात व उभी विणतात. म्हणजे असे की, संगणकाच्या पडद्यावरचा एकेक रकाना ही विणाईची एकेक ओळ होय, आणि रकान्यातील चौकटीचा जो रंग तोच त्या गाठीचा रंग. ही पद्धत माझ्या थोरल्या बहिणीने पाडली. मी तेथे सूत रंगवतो. माग तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, चालवतात.

ताई अंथरुणाला खिळल्यावर तिने आपली अखेरची नक्षी मुलाच्या नव्या लॅपटॉपवर, उशीला टेकून, पूर्ण केली. तळे होते, तळ्यावर संध्याकाळ होती. पुढचे तिने कोणास दाखविले नाही. रंगांची मागणी मात्र मजजवळ तोंडी केली आणि अखेरीस म्हणाली, "एक जांभळी लडी कर. थोडीच. ती अगदी शेवटी लागेल."

"शेवटी काय आहे?"

"विणून झालं की बघ. आधी सांगितलं तर गावभर करशील."

पुढे आजार तिच्या डोळ्यांत उतरला व मग वाचेत. दृष्टी गेली, जिभेवर एखाददुसरा शब्द तेवढा उरला.

भाच्याने नक्षी पेन ड्राइव्हवर घालून दिली व तो नोकरीच्या गावी परतला. कारखान्यातील संगणक वयोवृद्ध. नवी फाइल उघडताना त्यास धाप लागे, आणि मग एक लांबलचक सूचना पडद्यावर येई. अशा प्रत्येक सूचनेस न वाचता 'हो' म्हणावे, हा भाऊजींचा जुना रिवाज. "लग्नात एकदा हो म्हणालो," ते म्हणत, "तेव्हापासून बोटाला वळणच पडलंय." याही वेळी त्यांनी तसेच केले, कागद छापले आणि मागासमोर टांगले.

विणाई संपली तेव्हा कागदावर शेवटी नुसते निळे पाणी होते. परंतु मागावर ताणा, म्हणजे ज्यांवर गाठी मारतात ते उभे दोरे, हातभर उरला होता. तो ताईने सांगितलेल्या मापाने लावलेला.

"भाऊजी," मी म्हणालो, "जांभळी लडी तुम्ही मागितलीच नाही. खुंटीवर तशीच आहे."

"कागदावर जांभळं नाहीच, तर मागू कशाला?"

मग त्यांची नजर ताण्याकडे गेली.

आम्ही संगणक लावला. नक्षी उजव्या कडेस कापल्यासारखी थांबली होती आणि तिच्यापुढे पडद्यावर रकानाच नव्हता. भाच्यास फोन केला.

"बाबा, त्या जुन्या प्रोग्राममध्ये दोनशे छप्पन्नच रकाने मावतात. आईची नक्षी त्याहून लांब होती. उघडताना तो सांगतो तसं. पण नुसती उघडली असेल तर मूळ फाइल शाबूत आहे. बंद करताना साठवली नाहीत ना?"

"साठवली," भाऊजी म्हणाले. "एवढ्या कष्टाची वस्तू. न साठवता बंद करू होय?"

मग तो म्हणाला, "लॅपटॉप कंपनीचा होता, बाबा. नोकरी बदलली तेव्हा पुसून परत दिला."

मी सुचविले की, ताईलाच विचारावे. एखादा शब्द तरी सांगेल.

"विचारलं की तिला कळेल, गेलं म्हणून."

"मग अंदाजानं काहीतरी विणा."

"तिच्या नक्षीत माझा अंदाज नको."

त्यांनी गालिचा मागावरून उतरविला. उरलेला ताणा मात्र त्यांच्याने छाटवेना. हातभर कोरे दोरे एका टोकास तसेच लोंबत राहिले.

गालिचा आम्ही ताईच्या अंथरुणावर पसरला. तिने एका टोकापासून हात फिरविण्यास आरंभ केला. प्रत्येक ओळ ती बोटांनी ओळखत होती, असे तिच्या मुद्रेवरून वाटले. हात पाण्याशी आला, पाण्यापुढे गेला आणि कोऱ्या दोऱ्यांत थांबला.

"जांभळं?" ती म्हणाली.

"आहे ना," भाऊजी म्हणाले. "झकास आलंय."

जिचा जन्म मागापाशी गेला, तिला गाठ व ताणा यांतील भेद कळला नसेल, हे मला पटत नाही. तिने ते दोरे मुठीत धरले, चाचपले, आणि पुन्हा गालिच्यावर नीट पसरून ठेवले.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर ती काहीच बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. लडी अद्याप खुंटीवर आहे. उजेडाकडची बाजू आता विटू लागली आहे.