चौथ्या इंजेक्टरची रिंग

रितेशराव मुंबईहून सासुरवाडीला आले ते इंजेक्टरचा डबा घेऊन. सासूला साडी नाही, मेव्हण्याला मिठाईचा पुडा नाही, डबा. हर्षदच्या पोलादपूरच्या गॅरेजात त्यांनी तो नवसाच्या नारळासारखा दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"ऑनलाइन मागवलेत, दादा. कंपनीवाल्यांपेक्षा मोठा फवारा मारतात. घाटात पिकअप बघ मग!"

हर्षदला पिकअपचं कौतुक नव्हतं. इंजेक्टरच्या तोंडातून इंजिनात पेट्रोल किती फवारायचं ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्या कॉम्प्युटरला हे नवे फवारे ठाऊकच नव्हते. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने चहा पाजून, डबा परत हातात देऊन वाटेला लावलं असतं. पण हा पडला धाकट्या बहिणीचा नवरा. हर्षदचे वडील रावजी जन्मात कुणाला भ्यायले नाहीत, पण जावई आला की तेसुद्धा ओटीवरची खुर्ची सोडून पायरीवर बसायचे. आणि आईने, रंगूबाईने, सकाळीच बजावलं होतं, "जावयबापूच्या शब्दाला नाय म्हनू नको रे. अंकीला तिथं नांदायचं हाय."

मग काय, हर्षदने कामाला हात घातला. जुने चार इंजेक्टर निघाले, नवे बसू लागले. प्रत्येकाच्या टोकाला एक रबरी रिंग असते. तिला तेलाचं बोट लावून सरळ दाबायचं. तिरकी गेली की कापली जाते आणि तिथून पेट्रोल गळतं. तीन नीट बसले. चौथ्याच्या वेळी रितेशराव अगदी कानाशी येऊन म्हणाले, "व्हिडिओतला माणूस फटाफट करतो यार," आणि हर्षदने चिडून दाबलं. रिंग कापली गेली.

"महाडला जाऊन नवी घेऊन येतो," हर्षद म्हणाला.

"एका रबरासाठी महाड? अरे, महाबळेश्वरला हॉटेल बुक केलंय." रितेशरावांच्या कपाळाला आठी पडली. अंकिता आपल्या छोट्या लेकीला, ओवीला, कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याच्या आठीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती खाली गेलेली मान हर्षदला बघवली नाही. जुनी रिंग पुन्हा लावायची नसते हे ठाऊक असूनही त्याने एका जुन्या इंजेक्टरची रिंग काढली, पुसली, तेल लावलं आणि बसवून टाकली.

गाडी सुरू झाली. त्याने टॉर्च मारून पाहिलं, खालून बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. रितेशरावांनी पाठीवर थाप मारली, ओवीने टाटा केला आणि गाडी घाटाच्या रस्त्याला लागली.

हर्षद पसारा आवरायला बसला. जुन्या इंजेक्टरांवरच्या बाकीच्या रिंगा काढता काढता त्याने एक सहज बोटांत वाकवली. ती कडकन मोडली. दुसरी वाकवली, तीही मोडली. इतकी वर्षं इंजिनाच्या धगीत राहून त्यांच्यात रबराचा जीवच उरला नव्हता. चौथी ह्यांचीच बहीण, आणि ती गाडीत होती.

त्याने फोन लावला. घाटात रेंज कसली मिळते! पुन्हा लावला, मग फोन खिशात कोंबून मोटरसायकलला किक मारली. कापडे गाव मागे पडलं. प्रत्येक वळणावर त्याचे डोळे आधी धूर शोधत होते आणि मग रस्ता. आयुष्यात तो इतका कधी घाबरला नव्हता. एका आठीपायी आपण बहिणीला आणि भाचीला पेट्रोलवर बसवून पाठवलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

भज्यांच्या एका टपरीजवळ गाडी दिसली. रितेशराव दरीचे फोटो काढत होते. इंजिन चालूच होतं. हर्षदने मोटरसायकल तशीच आडवी टाकली, खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि मागचं दार उघडलं.

"उतर गो अंके! पोरीला घे नि लांब हो!"

बॉनेट वर केलं तर चौथ्या इंजेक्टरच्या मुळाशी पेट्रोल पाझरत होतं. थेंब गरम इंजिनावर पडत होते आणि वाफ होऊन उडत होते.

"इंजिन चालू कशाला ठेवलंत?" त्याने विचारलं. आवाज चढला होता.

"हे नवे बसल्यापासून बंद केली की लवकर सुरू होत नाही रे," रितेशराव म्हणाले. मग थेंब पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे काय, दादा?"

"जुनी रिंग लावली मी. ती टिकायची नाय, हे मला ठाऊक होतं."

"मग सांगायचं ना!"

हर्षदच्या मनात आलं, कुणाला सांगायचं होतं? ओटीवरच्या खुर्चीला?

अंकिता ओवीला छातीशी धरून रस्त्याच्या पलीकडे उभी होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मला गॅरेजातून निघतानाच पेट्रोलचा वास आलेला."

"मग बोलली का नाय गो?"

"तुझं काम हाय ना ते. यांच्यासमोर तुला कमीपणा नको, म्हनून." तिने ओवीच्या केसांवरून हात फिरवला. "ओवीला घेऊन मागं बसले, नि काच खाली केली."

हर्षद कठड्यावर मटकन बसला. त्याला हुंदका फुटला, आणि जावयासमोर तो त्याने आवरला नाही.