माझ्या पायावरची कोरी जागा

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, रंगानं बरबटलेली म्हणा, मला राग येत नाही. मोडकी मात्र म्हणायचं नाही. पोलीस चौकीच्या आवारात उन्हातान्हात पडून राहिले, तरी माझी एकच पायरी तडकली. अंगात रग आहे अजून.

माझा मालक पाट्या रंगवणारा पेंटर. सुतारानं मला दोन्हीकडून पाय दिले, त्यामुळे मला कुणाच्या भिंतीचा टेकू लागत नाही. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, दवाखान्याचा फलक, सगळं त्यानं माझ्यावर चढूनच रंगवलं. अक्षर असं देखणं, की लोक थांबून बघायचे. कौतुक त्याचं व्हायचं आणि वजन मी पेलायचे. चालायचंच.

त्याला एक मुलगी. तुरुतुरु माझ्यावर चढायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. दर वाढदिवसाला बाबा तिला माझ्या पायाशी उभी करायचा आणि हातात असेल त्या रंगानं तिच्या डोक्यालगत रेघ मारायचा. आधी शाळेच्या भिंतीची पिवळी, मग दवाखान्याची निळी, मग सायकलच्या दुकानाची लाल. दागिने घातल्यासारखी मी मिरवायचे.

पुढे आईबाबा वेगळे झाले. खारूताई आईकडे राहिली. रविवारी बाबानं तिला भेटावं, असं कोर्टानं ठरवून दिलं. पण कधी तिला ताप, कधी घरी पाहुणे, कधी दाराला कुलूप. वाढदिवसाला बाबा मला खांद्यावर टाकून त्या दारापर्यंत गेला आणि तसाच परतला. पुढच्या वाढदिवसालाही तेच. माझ्या पायावर नवी रेघ उमटेना. आईचा मला राग नव्हता. कुलपाचा होता, आणि तो मी लपवणार नाही.

मग बाबानं मला थेट कोर्टासमोर नेऊन उभं केलं. तिथे त्याच्यासारखेच आणखी बाबा जमले होते. हा माझ्या वरच्या पायरीवर बसला आणि गळ्यात पाटी अडकवली: ‘आमच्या मुलांना आम्हाला भेटू द्या.’ सगळ्यांच्या पाट्या त्यानंच रंगवल्या. एक दिवस त्यांच्यातला एक ट्रकवाला म्हणाला, “माझ्या पाटीवर लिही, या बायका खोटारड्या आहेत. चांगलं ठळक लिही.”

बाबानं ब्रश डब्यात ठेवला. “असलं मी लिहिणार नाही.”

“का? अजून पुळका येतो वाटतं?”

“माझ्या पोरीला वाचता येतं,” बाबा म्हणाला.

मग पोलीस आले. “शिडी हलव. रस्ता अडतोय.”

“पोरगी भेटली की लगेच हलवतो, साहेब.”

त्यांनी मला उचलून चौकीत नेऊन टाकलं. तिथे कुणीतरी माझ्यावर ओली फडकी वाळत घातली, तेही सोसलं. आणि बाबा? दुसऱ्या दिवशी तो रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर उभा राहिला. माघार घेईल तो माझा मालक कसला!

शेवटी कोर्टानं बजावलं, की दर शनिवारी कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत भेट होईल आणि सबब चालणार नाही. बाबानं मला सोडवलं आणि पहिल्याच शनिवारी खांद्यावर घेऊन तिथे आला. दारातल्या शिपायानं अडवलं. “शिडी आत न्यायची नाही.”

खारूताईला सोडायला आलेली आई तिथेच उभी होती. ती बराच वेळ माझ्यावरच्या रेघा बघत राहिली. मग शिपायाला म्हणाली, “जाऊ द्या हो आत. पोरीची उंची मोजायची असते तिच्यावर.”

बाबाकडे न बघता ती पुढे म्हणाली, “येता-जाता तुमच्या पाट्या वाचायचे मी. माझ्याबद्दल काय काय लिहिलंय, ते शोधायचे.”

“सापडलं?”

“नाही,” ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

आत खारूताई माझ्या पायाला पाठ लावून उभी राहिली. बाबानं हिरवी रेघ मारली. लाल रेघ कुठल्या कुठे खाली राहिली होती.

“बाबा, मधल्या रेघा अंदाजानं मार ना,” ती म्हणाली.

“नाही गं. तेव्हा मी नव्हतो. ती जागा कोरीच राहू दे.”

आमची भेट झाली, म्हणून आम्ही घरी बसलेलो नाही. बाकीच्या बाबांची दारं अजून उघडायची आहेत. दर सोमवारी मी कोर्टासमोर उभी असते, तडकलेल्या पायरीसकट. मित्रांनो, मला घासा, पुसा, ती पायरी सांधा, हवा तिथे रंग द्या. पण त्या कोऱ्या जागेला कुणी ब्रश लावायचा नाही. मोठ्यांना ती दिसली पाहिजे. आणि ती त्यांना दिसेपर्यंत मी रस्त्यातून हलणार नाही.