लिक फोर्कच्या पाटीचं रक्त

लिक फोर्कच्या वळणावर त्या रविवारी गाडी लावायला जागा नव्हती. रस्त्याकडेची खाणकामगारांची स्मारकपाटी रक्ताचे अश्रू ढाळते म्हणे, आणि निम्मं केंटकी ते टिपायला रुमाल घेऊन आलं होतं.

"हे अकरा खाणकामगारांचं रक्त आहे!" परगावाहून आलेले धर्मोपदेशक ब्रदर स्कॅग्ज गरजत होते. पाटीच्या माथ्यावर त्यांनीच लाल कागदी फुलांचं पुष्पचक्र चढवलं होतं, आणि त्यावर ते पवित्र पाणी शिंपडत होते. "ही पाटी उपटेल त्याचा वंश बुडेल."

उपटणारा मीच. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो. जुनी पाटी म्हणते, 'अपघातात अकरा मृत्यू'. खाण कंपनीने खाणीतून बाहेर पडायच्या दाराला साखळी घातली होती, हे तिच्यावर नाही, मेलेल्यांची नावंही नाहीत. नऊ वर्षं अर्ज करून मंजूर करून घेतलेली नवी पाटी माझ्या ट्रकमध्ये पडून होती, आणि खड्डा खणायला आणलेली माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत होती. शेजारी एक्क्याण्णव वर्षांची ओर्फामावशी, त्या अकरांतल्या आपल्या बापाचं नाव नव्या पाटीवर बघायला आलेली.

"मावशी, आज काही खरं नाही."

"मला त्या फुलांपाशी ने."

तिने एक फूल चिमटीत धरलं. "ब्रदर, ही मेणात बुडवली नाहीत का हो?"

"कसलं मेण?"

गर्दीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कबरी सजवायच्या रविवारसाठी आमच्याकडे घरोघरी कागदी फुलं करतात आणि वितळल्या मेणात बुडवतात, नाहीतर नुसत्या दवानेही रंग ओघळतो. बिनमेणाचं फूल इथे कुणी बाहेर नेतच नाही, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती.

मावशीने ते ओलं फूल ब्रदरच्या पांढऱ्या बाहीवर पिळलं. बाही लाल झाली.

"ही सैतानाची चाल आहे," ब्रदर पुटपुटले.

"मग सैतानाला सांगा, मेण वाण्याकडे मिळतं."

"पण माझी पाठ थांबली ना दुखायची," गर्दीतली लुरीन लाल झालेला रुमाल पाठीला लावत म्हणाली.

"काल डॉक्टरकडे सुई टोचून घेतलीस, बाई," मावशी म्हणाली.

लोक हसले. ब्रदरचं चर्च कंपनीच्या वारसांनी बांधून दिलंय, हेही मग कुणाला तरी आठवलं. खणणारी माणसं उठली.

माझं सांगणं साधं आहे. चमत्कार दिसला की आधी हात लावून बघा, आणि तो कुणाच्या सोयीचा आहे ते विचारा. ती अकरा माणसं माणसाने घातलेल्या साखळीमुळे मेली, दैवी कोपाने नव्हे.

दुपारी मावशीने नव्या पाटीवर बापाच्या नावावरून बोट फिरवलं आणि ब्रदरकडे वळून म्हणाली, "आता हे नाव पुसायचं असेल, तर माझ्यासमोर पुसा."