एका हंगामाचा नवस

"आजो इलो रे! सांबाळा आता!" मैदानाकडेला बसलेली हरमलची पोरे ओरडली. गोकुळदासने हसत टोपी पंचाच्या हाती दिली आणि चेंडू घेतला.

शेवंती माडाच्या सावलीत उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा सामना पाहायला ती आज पहिल्यांदाच आली होती. शेवटचा म्हणून.

गोकुळदास म्हापशाच्या बसवर कंडक्टर. अठ्ठेचाळिशी आलेली. मागे एकदा बसच्या पायरीवरून घसरला आणि गुडघा गेला. मग दर रविवारी भिंतीकडे तोंड करून निजून राहायचा. जेवा म्हटले तर जेवायचा. शेवंतीला ते बघवेना. तिने रवळनाथाच्या देवळात, गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या शंभू घाडीकरवी गाऱ्हाणे घातले : एक हंगाम त्याला खेळू दे, मग तो आपल्या हाताने चेंडू तुझ्या पायांशी ठेवील आणि खेळ सोडील. नवस बोलायचा तर काहीतरी द्यावे लागते. तिच्या कानांत सोन्याची फुले होती. पण तिने देऊ केला तो नवऱ्याचा चेंडू. एखादा रविवार आपल्याही वाट्याला यावा, एवढाच तिचा लोभ.

देव पावला, आणि असा पावला की तीच घाबरली. गुडघ्यामुळे धावता येईना, म्हणून गोकुळदास चालतच येऊन चेंडू सोडू लागला. तो हवेत असा रेंगाळे की तरण्याताठ्यांना धीर धरवत नसे. उमेदीच्या वयात मिळाले नव्हते इतके बळी त्याला या एका हंगामात मिळाले.

आताही समोरचा उंचापुरा फलंदाज पुढे धावला. चेंडू त्याच्या बॅटीखालून निसटला आणि यष्ट्या पडल्या. सामना संपला. पोरे मैदानात घुसली.

कप्तान प्रवीण धावत आला. "गोकुळदासबाब, फुडल्या वर्सा चाळिशीवरल्यांचो संघ काढतंव. कप्तान तुमी. नाय म्हणूचा नाय!"

"माज्या घरची कप्तान थंय माडाखाली उबी आसा. तिका इचार," गोकुळदास म्हणाला. सगळे हसले. शेवंतीला मान वर करवेना.

घरी परतताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "अहो, देवाक कौल लावया? आनीक एक वर्स मागून बगूया."

"घासाघीस करूक देव काय बाजारात मासळी इकणारो नुस्तेकार गो?"

"माजी फुलां देतंय त्येका."

"फुलां तुजी, चेंडू माजो," तो शांतपणे म्हणाला. "चेंडू बोललंस, चेंडूच देतलंय. त्येनी आपला काम केल्यान मगे."

लोभाचे त्याला सांगावे असे तिच्या मनात आले. पण पेडण्यात घरी पोचल्यावर ती सरळ चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. तिचा उपास. देवळात शंभू घाडी पाकळ्यांचे तबक घेऊन थांबला होता. कप्तानपदाची बातमी गावात त्यांच्याआधी पोचली होती. "सांग गो शेवंती, कौल लावू? देवाच्या उजव्या आंगाची पाकळी पडली तर नवसातून सुटलात."

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने नकारार्थी मान हलवली.

शंभूने तबक बाजूला ठेवले आणि हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा! लेकरान बोललला आज पुरा केल्यान. ता मान्य करून घे, आनि घराक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गोकुळदास म्हणाला. त्याच्या आवाजात शेवंतीचाही आवाज मिळायला हवा होता. तिचे ओठ हलले फक्त.

त्याने पिशवीतून चेंडू काढला. एक बाजू खरवडलेली, एक अजून तुकतुकीत. तुकतुकीत बाजू देवाकडे येईल असा तो फिरवून पायांशी ठेवला आणि मागे सरला.

देवळाच्या पायऱ्या तो एकेक करून उतरला, गुडघा जपत. शेवंती बाजूने चालत होती. काहीतरी बोलायला हवे म्हणून तिने रविवारच्या जेवणाचे विचारले, "येत्या आयताराक काय रांदू?"

"तू रांदशीत ता," तो म्हणाला, आणि उजवा तळवा मांडीवर घासत राहिला, चेंडूला चकाकी आणायला घासतात तसा.