हेमलताबाईंची सर्दी

"आई, खरं सांग. आत्ता तू शिंकलीस ना?"

"नाही गं, तो कुकर."

"कुकर असा वाजतो? यार आई, प्लीज!"

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मायलेकींचं हे बोलणं मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होतो. गॅसवर कुकर नव्हताच. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की, बोललात तर बघा. मी गप्प राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तरी शिकलो आहे.

पलीकडून मीनाक्षी म्हणाली, "हे बघ, डॉक्टर साफ बोललेत. बाळाचं वजन कमी आहे, अजून काही दिवस हॉस्पिटलमध्येच ठेवणार. कुणाला जरा जरी सर्दी असेल तर त्यानं जवळ यायचं नाही. बिल्कुल नाही. मला कळतं गं तुला किती वाटतं ते, पण..."

"कळलं. नाही येत मी. तू नीट जेवतेस ना?" असं म्हणून हेमलतानं फोन ठेवला, आणि पदरात तोंड घालून एकापाठोपाठ एक अशा शिंका दिल्या की समोरच्या घरातल्या सरदारजींचा कुत्रा भुंकायला लागला.

माझी बायको पहाडगंजातल्या मराठी शाळेत बालवर्गाची बाई आहे. आता बालवर्गाची बाई म्हणजे बारमाही सर्दी. मुलं तिच्या मांडीवर बसतात, पदराला नाक पुसतात, गुपित सांगायचं म्हणून कानाशी येतात आणि तोंडावर खोकतात. अर्धं चघळलेलं बिस्कीट प्रेमानं तिच्या तोंडात कोंबतात आणि ही ते खाते. त्यामुळे आमच्याकडे सर्दीला मुलांची नावं असतात. गणपतीच्या सुमाराला असते ती ओजसची. दिवाळीनंतरची दोघा जुळ्या बहिणींची होती, म्हणून गेली गेली म्हणता परत आली. एकदा तर हिला गालफुगी झाली, या वयात! मी तिला घेऊन गेलो तर डॉक्टर माझ्या पाठीमागे लहान मूल शोधत होते. कोविडमध्ये शाळा बंद होती तेव्हा मात्र आमच्या घरात कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही. सगळं जग धास्तावलेलं, आणि हेमलता ठणठणीत. पण मोबाइलवर चौकोनाचौकोनात बसलेल्या त्या मुलांकडे बघून ती रोज उदास व्हायची.

ही सगळी थट्टा मीनाक्षीच्या बाळंतपणापर्यंत थट्टाच होती.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आपल्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. मीनाक्षीला दिवस गेल्याचं कळल्यापासून हेमलतानं आमच्या मयूर विहारच्या दोन खोल्यांत जागा करायला सुरुवात केली होती. डिंक आला, अळीव आले, शेपा आल्या. जुन्या सुती साड्या फाडून मऊ मऊ दुपटी शिवून झाली. डोहाळजेवण झाल्यावर मीनाक्षी नोएडाहून राहायला आली, आणि आठवडा व्हायच्या आत तापानं फणफणली. ताप शाळेतून आला होता हे सांगायला डॉक्टर नको होता. आधी हेमलताला आला, मग तिला. आमचे जावई जयंत गाडी घेऊन आले आणि तिला परत घेऊन गेले. कुणी एक वावगा शब्द बोललं नाही. विहीणबाई, अलकनंदाबाई, उलट फोनवर म्हणाल्या, "असू द्या हो, इकडे काय नि तिकडे काय. आम्ही परके आहोत का?"

त्यानंतर बाळ दिवस भरायच्या आधीच जन्माला आलं. त्या तापाचा याच्याशी काही संबंध नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. हेमलतानं दोन्ही वेळा मान हलवली आणि दोन्ही वेळा तिला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. महाराष्ट्र मंडळात कुणी तरी विचारलं, "काय हो, माहेरी नाही आणली?" त्या दिवसापासून तिनं मंडळात जाणं सोडलं.

शाळेला थंडीची सुट्टी लागली आणि चार दिवसांत तिची सर्दी पळाली. पण बाळ हॉस्पिटलमध्ये, तिथे आईवडिलांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. नात दिसायची ती फोनवर, टोपरं घातलेली, बटाट्याएवढी. शेवटी ती घरी आली ती नेमकी सुट्टी संपता संपता. बारसं रविवारी ठरलं आणि शाळा त्याच्या आधीच्या सोमवारी उघडणार होती.

"रजा टाक," मी म्हणालो.

"कशी टाकू? वर्गाची दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर आहे. एवढ्याशा पोरांना कुणाच्या भरवशावर सोडू?"

"म्हणजे जगातल्या सगळ्यांची बाळंतपणं तू सांभाळणार, मुलीचं सोडून."

हे मी बोलायला नको होतं. मग तिनंच तोड काढली. आठवडाभर मास्क लावायचा, कुणाला मांडीवर घ्यायचं नाही, पदर घट्ट खोचायचा. सोमवारी संध्याकाळी ती हसत घरी आली. मास्क बघून निम्म्या मुलांनी भोकाड पसरलं होतं, आमची बाई कुठंय म्हणून. मंगळवार, बुधवार, गुरुवार सुखरूप गेले. रात्री झोपताना ती माझ्यासमोर नाकानं मोठा श्वास घेऊन दाखवायची. "बघा, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या!" आम्ही दोघं त्या मोकळ्या नाकपुड्यांवर इतके खूश होतो की काही विचारू नका.

शुक्रवारी मला शिवाजी स्टेडियमजवळ बँकेत काम होतं, म्हणून परतताना तिला घ्यायला शाळेत गेलो. शाळा सुटून बराच वेळ झाला होता. बालवर्गाच्या सतरंजीवर हेमलता भिंतीला टेकून बसली होती. मास्क गळ्यात आला होता. छातीशी एक पोरगी होती, चारेक वर्षांची, तापानं लाल झालेली. तिच्या दोन्ही मुठींत हेमलताचा पदर होता आणि तिचं नाक हेमलताच्या मानेवर वाहत होतं.

"हे काय चाललंय?" मी दारातूनच म्हणालो.

"हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय." मग माझा चेहरा बघून ती म्हणाली, "ही ईश्वरी. विट्याकडची आहे. वडील करोलबागेत सोनं गाळायच्या कारखान्यात असतात. गावाहून येऊन आठ दिवस झालेत, हिला इथलं हिंदी कळत नाही आणि घरचे फोन उचलत नाहीत. सकाळपासून रडत होती हो."

"शिपाईणबाई नव्हत्या?"

"होत्या. त्या हिच्याशी हिंदीत बोलल्या, तर ही आणखीच घाबरली."

"हेमलता, परवा बारसं आहे. तुला नात नकोय का?"

तिनं माझ्याकडे वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता. "मग काय सांगू हिला? माझ्या नातीचं बारसं आहे, तू लांब बसून रड?"

मला जास्तच राग आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं पोरीची आई धावत आली. डोक्यावर पदर, हातात भाकरीचा रिकामा डबा.

"बाई, माफ करा वो. भाकरी द्याया कारखान्यात गेल्ते, फोन घरीच ऱ्हायला. लई तरास दिला का हिनं?"

"नाही हो. शहाणी आहे. डॉक्टरांना दाखवा आधी," हेमलता म्हणाली. ईश्वरीच्या मुठीतून पदर सोडवायला दोघींना मिळून प्रयत्न करावे लागले.

शनिवार बरा गेला. वाफ, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. रविवारी सकाळी ती मोतिया रंगाची साडी नेसून, अंबाड्यात गजरा माळून तयार झाली. बाळासाठी सोन्याचे मणी घालून केलेल्या बिंदल्या तिनं पर्समध्ये ठेवल्या. मग पाणी प्यायली, आणि गिळताना तिनं किंचित डोळे मिटले.

"घसा?" मी विचारलं.

"कोरड पडलीय नुसती." मग ती म्हणाली, "ईश्वरीची आहे."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या डॉक्टरचा, त्या शाळेचा, सगळ्यांचाच राग आला. मी कपाटातून सर्दीची गोळी काढली. "घे ही. तीन-चार तास नाकातून थेंब येणार नाही. बाळाला एकदाच घ्यायचंय ना? मिनिटभर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिनं गोळी तळहातावर घेतली, बघितली आणि गिळली. मेट्रोत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. नोएडाची धुक्यातली उंच घरं दिसायला लागली तशी ती पदर सारखा करत राहिली.

जयंतच्या घरात हीटर लावून छान ऊब केली होती. मोजकीच माणसं होती. जयंतची बहीण प्रभा, तिच्या सासूबाई, दोन शेजारणी. हॉलच्या मधोमध झेंडूच्या माळा लावलेला पाळणा. हेमलतानं आल्या आल्या हात धुतले, कोपरापर्यंत. मीनाक्षी बाळाला घेऊन आतून आली. ती आईकडे बघत राहिली. मला माहीत होतं ती काय बघतेय. नाक, डोळे, आवाज. गोळीनं आपलं काम चोख केलं होतं. मीनाक्षीचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि ती हसली. सातव्या महिन्यात आमच्या घरून गेल्यापासून ती आईकडे बघून असं हसली नव्हती.

अलकनंदाबाई मोठ्या मनाच्या. त्या पाळण्याच्या एका बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या हेमलताबाई, पलीकडे तुम्ही. माहेरी बाळंतपण नाही झालं ना, मग हा मान तुमचा. मी देते गोविंद, तुम्ही घ्या गोपाळ."

बाळाला पाळण्याच्या खालून एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं, वरून परत द्यायचं, अशी ती रीत. हेमलता पाळण्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"घे ना आई," मीनाक्षी म्हणाली. "मी किती घाबरत होते यार. घे तिला. अच्छे से घे."

अलकनंदाबाई वाकल्या. गुलाबी दुपट्यातलं ते एवढंसं गाठोडं पाळण्याखालून पुढे आलं. "गोविंद घ्या..."

हेमलताचे हात पुढे झाले. मला वाटतं तिच्या बोटांना दुपट्याची ऊब लागलीही असेल. मग ते हात थांबले. तिनं ते मागे घेतले, आणि ती दोन पावलं मागे सरली.

"नको," ती म्हणाली. "सकाळपासून घसा धरलाय माझा. गोळी घेऊन आलेय मी."

मीनाक्षीनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

"प्रभा, तू ये इकडे," हेमलता म्हणाली. वर्गात मुलांना जागा बदलायला सांगते तशा आवाजात, जराही न अडखळता. "डावा हात मानेखाली धर. हं, अस्सं. आता म्हण गोपाळ."

ती स्वतः मात्र शाल गुंडाळून बाल्कनीत गेली, आणि काचेचं दार बोटभर उघडं ठेवून तिथेच उभी राहिली. बाळ पाळण्यात गेलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, शर्वरी. बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मग पाळणा म्हणायची वेळ आली आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. दिल्लीत वाढलेल्या मुली त्या, कुणालाच येत नव्हता. अलकनंदाबाईंना पहिल्या दोन ओळींपुढे आठवेना. जयंत मोबाइलवर शोधायला लागले, तर आधी साबणाची जाहिरात वाजली.

तेव्हा बाहेरून, त्या बोटभर फटीतून, हेमलता म्हणायला लागली. आवाज घोगरा, वरचे सूर लागत नव्हते. पण एकेक शब्द स्वच्छ, मागच्या बाकावरच्या पोरालाही कळेल असा. विहीणबाईंनी दोरी ओढायला सुरुवात केली. तिसऱ्या कडव्याला तिचा आवाज चिरकला, चौथ्याला नुसती कुजबूज उरली, तरी तिनं सगळी कडवी पुरी केली. मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि इतकं वाईट वाटलं, की मी उगाच घुगऱ्यांची वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

वळून पाहिलं तर तिनं बाहेरून दार ओढून घेतलं होतं. बाळाला गार वारा नको म्हणून असेल.

मीनाक्षी उठली. पाळण्यातून शर्वरीला घेतलं आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली. दुपटं बाजूला करून तिनं बाळाचा चेहरा आईकडे वळवला. हेमलता वाकली, अगदी जवळून बघत राहिली. काचेला लावावा म्हणून तिनं हात उचलला. मग तोही तिनं शालीत घेतला.