न फुटणारी मूठ

थोरल्या लेकीच्या मुलीचं बारसं झालं, त्या वर्षी गडहिंग्लजच्या अण्णाप्पा कासाराची उजवी करंगळी काचेची झाली. पाळण्याची दोरी ओढताना ती पितळी कडीला लागून किणकिणली. बायांना वाटलं, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

तेव्हा तो माळावरच्या कारखान्यात जायला लागला होता. तिथं हातात धरायची एक मूठ बनवत होते. तिला पुढं दोन रबरी बोटं, वर डोळ्याएवढा कॅमेरा. माणसानं ती धरून काम करायचं, मुठीनं ते टिपून घ्यायचं, आणि पुढं कधीतरी ते बघून यंत्रमानवानं नाजूक वस्तू धरायला शिकायचं. नाजूक म्हणजे काचेची बांगडी आणि बाईचा हात, असं आसावरीबाईंनी ठरवलं होतं. मूठ त्यांनीच आखलेली.

गावात आता बाया बांगड्या निवडून पिशवीत घालून न्यायच्या. मामा म्हणून हात कुणी पुढं करत नव्हतं. कारखान्यात मात्र रोज सकाळी बाकावर ओळीनं बाया बसायच्या आणि हात पुढं करायच्या. अण्णाप्पा जायचा तो त्यासाठी.

"मामा, चिमट्यानं भरताय व्हय? आम्ही काय पापड हाय भाजायला?"

"गप, शेवंते. अंगठा आत घे. दुखतंय का?"

मूठ सारखी मोडायची. फरशीवर पडली की बोट निखळायचं, घामानं कॅमेरा आंधळा व्हायचा. आसावरीबाई ती पुन्हा आखायच्या, आधीपेक्षा मजबूत. नवी मूठ आली की अण्णाप्पाचं आणखी एक बोट काचेचं व्हायचं. मुठीतून काढलेलं फुटणं कुठंतरी ठेवावं लागणारच होतं.

"बाई, हे बघा," एकदा त्यानं पंजा खिडकीपुढं धरला. बाहेरचं चिंचेचं झाड त्यातून वाकडं दिसत होतं.

आसावरीबाईंनी पेन्सिलीनं मधलं बोट वाजवून पाहिलं. "आवाज स्वच्छ आहे, मामा. पण टिकाऊपणाच्या चाचणीत तुमचा हात येत नाही."

त्या दिवशी नवी मूठ गच्चीवरून खाली टाकली. ती उसळली, गडगडत भिंतीशी जाऊन थांबली, आणि तिला ओरखडाही नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णाप्पानं वाजवल्या नाहीत.

घरी त्याची बायको पद्माक्का तापानं बारीक होत होती. सकाळी भरलेल्या बांगड्या दुपारी मनगटावरून गळून अंथरुणात पडायच्या. अण्णाप्पा एक माप लहान काढायचा. मग शाळकरी पोरीचं माप, मग तान्ह्या पोरीचं. त्यांच्या घरात बायकोला नवऱ्यानंच बांगड्या भरायच्या. लग्नापासून दुसऱ्या कुणी तिच्या हातात बांगडी चढवली नव्हती.

"मला मोकळ्या हातानं जायचं न्हाई," ती म्हणायची. "एवढंच बघा."

"कुठं निघालीस?"

"बाजाराला," म्हणून ती हसायची.

दिवाळीपर्यंत त्याचे दोन्ही पंजे काचेचे झाले. आता बायकोला बांगड्या भरता येत नाहीत, असं त्यानं कारखान्यात सांगितलं, तेव्हा आसावरीबाई स्वतः मूठ घेऊन घरी आल्या.

"ही एकही बांगडी फुटू देणार नाही, मावशी. आणि इतका बारीक हात आम्ही अजून टिपलेला नाही."

पद्माक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाई, बाई. हे भरतील."

"अगं, माझी बोटं फुटतील," अण्णाप्पा म्हणाला.

"फुटू देत. ती मूठ मला दुखतंय का म्हणून इचारणार हाय व्हय?"

आसावरीबाई बाहेर कट्ट्यावर जाऊन बसल्या. मूठ दाराशीच राहिली. तिचा कॅमेरा उघडा होता.

अण्णाप्पा अंथरुणाशी बसला. काचेच्या बोटांना काही जाणवत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक बांगडीला विचारत होता, "दुखतंय का?" ती म्हणत होती, "न्हाई." डावा हात निम्मा भरला तेव्हा कट्ट आवाज झाला. दोघांनी बांगड्या पाहिल्या. त्या शाबूत होत्या. त्याचं मधलं बोट तिच्या मांडीवर पडलं होतं.

"भरा," ती म्हणाली.

तो भरत राहिला. बोटं पडत राहिली, ती पदरात गोळा करत राहिली. उजव्या मनगटावर एका बांगडीची जागा उरली आणि बांगड्यांचा डबा संपला. त्या मापाखाली माप नव्हतं. त्याचंही एकच बोट उरलं होतं. ते त्यानं तिच्या मनगटावर आडवं ठेवलं. तिच्या अंगात ताप फार होता. काच हळूहळू मऊ झाली, वाकली, आणि मनगटाभोवती फिरून तिची टोकं एकमेकांना मिळाली.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

दाराशी मुठीनं आपली दोन्ही बोटं अलगद मिटली.

पद्माक्का देवदिवाळीच्या आदल्या मंगळवारी सकाळी वारली. तेव्हा तिच्या उजव्या हातातल्या शेवटच्या बांगडीला नख होतं.