मोजून दिलेलं पाणी

"अहो, घोटभर तरी द्या," बायको म्हणाली, तशी शिंपीमास्तरांनी पाण्याची बाटली उचलून कपाटावर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी.

"मघाशीच दिलं ना? संध्याकाळपर्यंत पुरवायचंय."

"वैऱ्यालासुद्धा कुणी पाण्याला नाही म्हणत नाही."

मास्तर मशीन चालवू लागले. जिनं जन्मभर काजबटणं करून संसाराला हात दिला, तिच्यापासूनच पाणी लपवायची पाळी आली होती. आणि ती का, हे त्यांना धड कळलंही नव्हतं.

तिचा न्यूमोनिया बरा होत आला होता, तेव्हा हे नवं दुखणं उपटलं. बोलताना अडखळू लागली, एका सदऱ्याची बटणं तर चक्क पाठीवर लावून मोकळी झाली. तपासणीत निघालं, रक्तातलं मीठ उतरलंय. मास्तरांना हायसं वाटलं. मिठाला काय तोटा!

"मग मीठ घालून पाणी पाजतो की चांगलं तांब्याभर."

"काका, नेमकं तेच करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मीठ संपलेलं नाही, पाणी वाढलंय. डोक्यातली एक ग्रंथी मूत्रपिंडांना निरोप देते, पाणी धरून ठेवा म्हणून. एरवी गरज सरली की निरोप बंद होतो. या आजारात तो थांबतच नाहीये. मूत्रपिंडं बिचारी हुकमाची ताबेदार."

"पण अंगावर सूज नाही कुठं. मग पाणी आहे कुठं?"

"सगळीकडे थोडं थोडं. मेंदूतसुद्धा. म्हणून तर गोंधळतात त्या. दिवसाला एवढी एक बाटली, वर थेंब नाही. नाहीतर झटके येतील."

मास्तरांनी मान डोलावली. डोक्यात शिरलं ते एवढंच, की पाणी द्यायचं नाही.

मास्तरांनी ते इमानेइतबारे पाळलं, तरी ती बिघडतच गेली. मुलगी भेटायला आली, तर तिलाच आई म्हणू लागली.

"बाबा, तुम्ही चोरून देताय पाणी. तुम्हाला राहवत नाही, मला माहितीये."

"शप्पथ सांगतो, नाही गं!" मास्तर म्हणाले. पण आपणच विसरून देत असू का, अशी शंका त्यांना स्वतःचीच येऊ लागली. घरात नक्की कोण गोंधळलंय, तेच कळेना.

दुपारी कपड्यांवर शिंपडायला त्यांनी इस्त्रीच्या टेबलाखालचा डबा ओढला, तर तो कोरडा. हल्ली हा डबा लवकर आटतो, हवाच कोरडी झालीय, असं म्हणत त्यांनी तो काठोकाठ भरला. रिकामा दिसला की भरायचा, ही हाताची सवय. गिऱ्हाइकाला निरोप देऊन वळले, तर बायको टेबलाखाली उकिडवी बसलेली. दोन्ही हातांत डबा, आत दोऱ्याचे तुकडे तरंगताहेत, आणि ती घटाघटा पितेय.

मास्तरांनी तिच्या हातातला डबा काढून घेतला. वर बाटली लपवत होते आणि खाली स्वतःच पाणी भरून ठेवत होते.

त्याच संध्याकाळी तिला झटका आला. रुग्णालयात दाट मिठाची सलाईन लागली.

"ही हळूहळूच द्यावी लागते, घाई केली तर मेंदूला इजा होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला ओळखेल ना ती?"

"बघू या, काका."

सकाळी तिनं डोळे उघडले. मास्तरांकडे बराच वेळ बघत राहिली.

"चांगल्या घरचे दिसता," ती हळूच म्हणाली. "घोटभर पाणी द्याल? आमचे हे देत नाहीत."

मास्तरांनी नर्सकडे पाहिलं. नर्सनं ओठ ओले करायची तेवढी परवानगी दिली. त्यांनी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला.

"फार वाईट आहेत का हो ते?" त्यांनी विचारलं.

"छे, वाईट कसले! मला काय झालंय तेच कळत नाहीये त्यांना. घाबरलेत बिचारे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "मी तुमच्याकडे पाणी मागितलं, हे सांगू नका हं त्यांना. मनाला लावून घेतील."

"नाही सांगत," मास्तर म्हणाले, आणि परक्या बाईपाशी बसावं तशी खुर्ची जरा मागे सरकवून बसून राहिले.